भाषा पत्त्यातच हवी: गोव्यातल्या बहुभाषिक साइटची यूआरएल कशी बांधावी

फोंड्याजवळच्या एका कुळागराची साइट मी केली होती. सुपारी, माड, मिरी, जायफळ, दोन खोल्यांचा मुक्काम आणि दुपारचं केळीच्या पानावरचं जेवण. मजकूर तीन भाषांत: मराठी, कोंकणी, इंग्रजी. उजव्या कोपऱ्यात भाषा बदलायचं बटण होतं. ते दाबलं की पान मराठीत यायचं, पण वरचा पत्ता, म्हणजे यूआरएल, तोच राहायचा. कुणी कुठली भाषा निवडली हे लक्षात ठेवायचं काम कुकीकडे, म्हणजे ब्राउझर त्या फोनमध्ये साठवतो त्या छोट्या नोंदीकडे, होतं.

एक दिवस कोल्हापूरहून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांनी मुक्कामाचं पान मराठीत वाचलं होतं आणि लिंक आईला व्हॉट्सॲपवर पाठवली होती. आईनं उघडली तर सगळं इंग्रजीत. "अहो, मी आत्ता मराठीत वाचलंय, मग आईला इंग्लिश कसं दिसतंय?" कुकी त्यांच्या फोनमध्ये होती, आईच्या फोनमध्ये नव्हती. लिंक गेली, भाषा मागे राहिली.

चूक माझी होती. तेव्हापासून मी एकच नियम धरला आहे: एका पानाच्या प्रत्येक भाषेला स्वतःचा पत्ता, आणि तो पत्ता कुणीही, कुठेही, कुठल्याही फोनवर उघडला तरी तीच भाषा दिसली पाहिजे. हे कसं घडवून आणायचं ते इथे सुरुवातीपासून सांगतो.

एक खूण आधी सांगून ठेवतो. या लेखात पत्तेसुद्धा देवनागरीत लिहिले आहेत. 'एमआर' दिसेल तिथे संगणकात रोमी लिपीतली एम आणि आर ही लहान अक्षरं जोडून टाकायची. 'ईएन', 'एचआय', 'केओके' यांचंही तसंच. नमुन्याचा पत्ता म्हणून 'उदाहरण.भारत' घेतला आहे.

गोव्यात अंदाज का चालत नाही

बरेच जण सांगतात की वाचकाची भाषा ओळखता येते. ब्राउझर प्रत्येक विनंतीबरोबर आपल्या पसंतीच्या भाषांची यादी पाठवतो, त्या ओळीला ॲक्सेप्ट-लँग्वेज म्हणतात. शिवाय आयपी पत्त्यावरून गाव कळतं. मग विचारायचं कशाला?

गोव्यात याचं उत्तर घरोघरी मिळतं. १९८७ च्या राजभाषा कायद्यानं देवनागरी लिपीतली कोंकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामासाठी मराठीही वापरता येईल अशी तरतूद झाली. ही झाली कायद्याची बाजू. घरात बोलणं कोंकणीत, सकाळचा पेपर मराठीत, देवळातली आरती मराठीत, बँकेचा फॉर्म इंग्रजीत. आणि फोन? दुकानातून आणला तेव्हा इंग्रजीत होता, तसाच राहिला. डिचोली-सत्तरीकडे मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचणाऱ्या माणसाचा फोन हातात घ्या, मेनू इंग्रजीच दिसेल. त्याचा ब्राउझर सर्व्हरला सांगतो, 'मला इंग्रजी द्या'. सासष्टीतल्या एखाद्या घरी कोंकणी रोमी लिपीत वाचतात, त्यांचा ब्राउझरही नेमकं हेच सांगतो. आयपीवरून तर काहीच हाती लागत नाही. पेडण्यातला माणूस कोंकणी वाचेल की मराठी हे त्याच्या टॉवरला कसं कळणार?

म्हणून वाचकाला एकदा विचारा आणि त्याचं उत्तर पत्त्यात लिहून ठेवा.

पहिलं काम: भाषांचे संकेत

साइटची एक ओळही लिहिण्याआधी कागदावर भाषा मांडा आणि प्रत्येकीपुढे तिचा आंतरराष्ट्रीय संकेत लिहा. हे संकेत मनानं ठरवायचे नसतात. दोन अक्षरी संकेतांची यादी आयएसओ ६३९-१ या मानकात आहे. मराठी एमआर, हिंदी एचआय, इंग्रजी ईएन, पोर्तुगीज पीटी.

इथे होणाऱ्या चुका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. महाराष्ट्राच्या गाड्यांवर एमएच असतं म्हणून मराठीला एमएच देतात. पण भाषांच्या यादीत एमएच म्हणजे मार्शल बेटांवरची भाषा. कोंकणीची पहिली दोन अक्षरं म्हणून केओ लिहितात, आणि केओ म्हणजे कोरियन. गोव्यासाठी म्हणून एमआरपुढे जीए जोडलेलं मी एका साइटवर पाहिलं. भाषेपुढे जोडायचा भाग देशाचा असतो, राज्याचा नाही, आणि देशांच्या यादीत जीए हा गॅबन आहे. ब्राउझर तक्रार करत नाही, पान उघडतं, त्यामुळे चूक वर्षानुवर्षं तशीच राहते. उलगडा होतो तो शोधयंत्र किंवा पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर भलतीकडे गेल्यावर.

कोंकणीला दोन अक्षरी संकेत नाही. तीन अक्षरी संकेतांपैकी आपल्या कामाचे दोन: केओके आणि जीओएम. केओके ही छत्री, तिच्याखाली कोंकणीची वेगवेगळी रूपं येतात, आणि त्यातलं गोव्यातलं रूप म्हणजे जीओएम. कोंकणी विकिपीडिया जीओएमवर चालतो, गूगल ट्रान्सलेटही २०२२ मध्ये कोंकणी आली तेव्हापासून जीओएम वापरतं. विंडोजमध्ये मात्र केओके दिसेल. दोन्ही बरोबर आहेत. मी केओके घेतो, कारण फोन आणि संगणकांच्या भाषायादीत तोच अधिक सापडतो. तुम्ही कुठलाही घ्या, पण संपूर्ण साइटभर एकच ठेवा.

कोंकणी दोन लिप्यांत द्यायची असेल तर लिपीचा संकेतही जोडावा लागतो. देवनागरीचा डीईव्हीए, रोमीचा एलएटीएन. मग पत्ते होतात 'केओके-डीईव्हीए' आणि 'केओके-एलएटीएन'. एकीला नुसतं केओके आणि दुसरीला शेपूट असं मी करत नाही. दोन्ही वाचक आपलेच, दोघांनाही लिपीसह पत्ता द्यावा. मराठीला लिपी जोडायची गरज नाही, नुसतं एमआर पुरे.

आणि सगळे संकेत पत्त्यात लहान अक्षरांत. भाषेच्या संकेतात लहान-मोठं अक्षर सारखंच मानतात, पण बहुतेक सर्व्हर पत्त्याच्या बाबतीत तसं मानत नाहीत. मोठ्या अक्षरांतला एमआर हा त्यांच्या लेखी वेगळा पत्ता.

भाषा पत्त्यात कुठे ठेवायची

चार जागा आहेत. पहिली, प्रत्येक भाषेला वेगळं डोमेन. प्रत्येकाचे पैसे दरवर्षी भरा, प्रत्येकाचं सुरक्षेचं प्रमाणपत्र सांभाळा. गावातल्या साइटसाठी मी हे कधीच सुचवत नाही. दुसरी, उपडोमेन, विकिपीडियासारखी: एमआर आधी, मग विकिपीडिया. प्रत्येक भाषेचे संपादक वेगळे, कारभार वेगळा असेल तर हे उत्तम. तिसरी, फोल्डर: 'उदाहरण.भारत/एमआर/मुक्काम'. चौथी, पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकून त्यापुढे 'लँग बरोबर एमआर' लिहिणं.

चौथी वाट करायला सर्वांत सोपी वाटते, म्हणूनच तिथे लोक अडकतात. प्रश्नचिन्हानंतरचा भाग सहज गळून पडतो. कुणी पत्ता हातानं टाइप करताना तो सोडतो. साइटच्या आतल्याच एखाद्या लिंकमध्ये तो जोडायचा राहतो आणि वाचक दोन क्लिकांत परत इंग्रजीत. कॅशे, म्हणजे एकदा बनवलेलं पान साठवून ठेवण्याची सोय, नीट लावलेली नसेल तर सर्व्हर एकाला मराठी पान देतो आणि तेच साठवलेलं पुढच्याला. गूगलही बहुभाषिक साइटसाठी ही पद्धत सुचवत नाही.

कुळागर, देवस्थान, वाचनालय, शाळा, छोटं दुकान यांच्यासाठी फोल्डर. एक डोमेन, एक होस्टिंग, आणि पत्ता वाचणाऱ्यालाही कळतं की पहिल्या तिरक्या रेघेनंतर भाषा आहे. भाषा पहिल्याच भागात ठेवा. 'उदाहरण.भारत/मुक्काम/एमआर' असा क्रम केलात तर पुढे प्रत्येक नियम लिहिताना डोकं धराल.

मुख्य दार

नुसतं 'उदाहरण.भारत' उघडलं तर काय दिसावं? बरीच सॉफ्टवेअरं मूळ भाषेला फोल्डर न देण्याची मुभा देतात: इंग्रजी मुळावर, मराठी एमआरमध्ये. मी ही मुभा घेत नाही. उद्या मालक म्हणाला की आता मूळ भाषा मराठी करूया, तर सगळ्या इंग्रजी पानांचे पत्ते हलतात. प्रत्येक भाषेला तिचं फोल्डर, इंग्रजीलाही.

मग मुळावर काय ठेवायचं? दोन पर्याय. एक, साधं छोटं पान: कुळागराचं नाव, एक फोटो आणि भाषांची नावं, प्रत्येक नाव आपापल्या लिपीत. गोव्यासाठी मला हेच आवडतं. वाचकाला एक जादा टिचकी पडते खरी, पण त्याची भाषा तो स्वतः निवडतो. दुसरा पर्याय म्हणजे आधीची निवड कुकीत असेल तर थेट तिकडे वळवणं. कुकीला एवढंच काम द्या, मुळावरून कुठे जायचं ते सांगायचं. 'उदाहरण.भारत/एमआर' उघडणाऱ्याला कुकी किंवा ब्राउझरची पसंती बघून इंग्रजीकडे ढकलायचं नाही. कधीच नाही. कोल्हापूरच्या त्या माउलीला दिलेला पत्ता तिचाच राहायला हवा.

वळवताना सर्व्हरनं ३०२ हा संकेत पाठवावा, ३०१ नाही. ३०२ म्हणजे तात्पुरतं वळण. ३०१ म्हणजे कायमचा मुक्काम हलला. ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरला न विचारताच तिकडे जातो. आज मराठीकडे ३०१ नं वळवलं आणि त्याच वाचकानं उद्या कोंकणी निवडली, तरी मुळावरून तो मराठीतच पोचेल, आणि तुम्हाला सर्व्हरवर काहीच चूक सापडणार नाही. ३०२ च्या बरोबर 'व्हेरी' या हेडरमध्ये, म्हणजे उत्तरासोबत जाणाऱ्या सूचनेच्या ओळीत, कुकीचा उल्लेख करा, म्हणजे मधल्या कॅशेला कळेल की हे उत्तर माणसागणिक बदलतं.

ब्राउझरच्या भाषेवरून आपोआप वळवण्यात आणखी एक खोट आहे. गूगलचा पानं वाचत फिरणारा रोबो साधारणपणे ॲक्सेप्ट-लँग्वेज पाठवतच नाही, आणि बहुतांशी अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतो. सगळा भरवसा त्या ओळीवर ठेवलात तर रोबोला प्रत्येक वेळी इंग्रजीच दिसेल आणि मराठी पानं शोधात येणारच नाहीत.

पुढचा भाग देवनागरीत की रोमीत

फोल्डर ठरलं. आता पानाचं नाव, ज्याला स्लग म्हणतात. 'एमआर/मुक्काम' हा देवनागरीत ठेवायचा की रोमी अक्षरांत? हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून इथे थोडा थांबतो.

देवनागरी पत्ता ब्राउझरच्या पट्टीत छान दिसतो. पण आतून तो रोमी अक्षरं आणि आकडेच असतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याची खूण अधिक दोन अक्षरं असा लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. 'म्हापसा' या शब्दात म, हलन्त, ह, काना, प, स, काना अशी सात चिन्हं. सात नव्वे त्रेसष्ट. कुणी हा पत्ता कॉपी करून ईमेलमध्ये चिकटवला की अनेकदा 'म्हापसा' न दिसता टक्क्यांनी भरलेली ती ६३ अक्षरांची माळ दिसते. वाचकाला वाटतं, लिंकमध्ये काही घाण आहे, आणि तो उघडत नाही.

दुसरी अडचण वर्डप्रेस वापरणाऱ्यांची. तिथे स्लगला २०० अक्षरांची मर्यादा आहे, आणि ती मोजली जाते टक्क्यांच्या माळेवर. देवनागरीची जेमतेम बावीस चिन्हं बसतात. मी एका पानाला नाव दिलं, 'कुळागरातला मुक्काम आणि जेवण'. पत्ता तयार झाला 'कुळागरातला-मुक्काम-आणि-ज'. ज वरची मात्रा धरली की २०१ अक्षरं होत होती, म्हणून तिथेच कात्री लागली.

तिसरी सर्वांत लपलेली. 'किनाऱ्यावर' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. आजच्या कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ घेऊन पाय मोडतो. जुन्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह टाकून पुढे या. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. तुम्ही एका पद्धतीनं स्लग केला आणि फलकावर छापणाऱ्या मुलानं दुसऱ्या पद्धतीनं टाइप करून क्यूआर कोड बनवला, तर पान सापडत नाही, आणि कितीही डोळे ताणले तरी फरक दिसत नाही.

तरीही मी देवनागरी पत्त्याच्या विरोधात नाही. मराठी वाचकाला आपल्या लिपीत पत्ता दिसणं याला किंमत आहे, आणि .भारत हे डोमेन २०१४ पासून देवनागरीत मिळतंय. माझी पद्धत अशी: देवनागरी स्लग एक-दोन शब्दांचा, जोडाक्षरं कमी, रफार-ऱ्याची अक्षरं शक्यतो टाळून. 'मुक्काम', 'जेवण', 'वाट', 'दर'. ज्या पानाचा पत्ता छापायचा किंवा फोनवर तोंडी सांगायचा आहे त्याला रोमी स्लग. आणि जुळवणी करण्याआधी सर्व्हरवर पत्ता युनिकोडच्या एनएफसी या एकसमान रूपात आणून अदृश्य जोडचिन्हं काढून टाकायची. पण ती काढण्याआधी जुन्या पद्धतीचा रही नव्या ऱ मध्ये बदलून घ्यावा लागतो, ते एनएफसी आपणहून करत नाही.

गावांच्या नावांकडे खास लक्ष द्या. इथे प्रत्येक भाषेचं नाव वेगळं. मराठीत डिचोली, कोंकणीत दिवचल, इंग्रजीत बिचोलिम. एमआर फोल्डरमध्ये 'बिचोलिम' आणि केओकेमध्ये 'डिचोली' ठेवलंत तर वाचकाला आपली भाषा उसनी आणल्यासारखी वाटते. म्हणून तिन्ही पानांचे स्लग वेगळे असू द्या. त्यांना बांधणारी गोष्ट नावाऐवजी आतला क्रमांक असावा: पान क्रमांक १४, त्याचा मराठी पत्ता हा, कोंकणी तो, इंग्रजी तिसरा. ही जोडणी एका तक्त्यात ठेवा. पुढचं सगळं काम याच तक्त्यावर उभं आहे.

भाषा बदलायची पट्टी

आता ते उजव्या कोपऱ्यातलं बटण. त्यानं एकच काम करायचं: आहात त्याच पानाच्या दुसऱ्या भाषेतल्या पत्त्यावर नेणं. जेवणाच्या पानावर असताना मराठी निवडली तर मराठीतलं जेवणाचं पान यावं, मुखपृष्ठ नव्हे. हे सांगायची गरज पडू नये, पण निम्म्याहून अधिक साइटांवर माणूस मुखपृष्ठावर आपटतो आणि पुन्हा वाट शोधत बसतो.

कृती अशी. सर्व्हर पान तयार करतो तेव्हा त्याला पानाचा क्रमांक माहीत असतो. तक्त्यातून त्या क्रमांकाचे बाकीचे पत्ते काढा आणि पट्टीत साध्या लिंका म्हणून छापा. जावास्क्रिप्टनं चालणारी उघडझाप यादी नको, निदान तिच्या आत खऱ्या लिंका असाव्यात. साधी लिंक असली की ती दाबून धरून कॉपी करता येते, नव्या टॅबमध्ये उघडता येते, शोधयंत्राचा रोबोही तिच्यामागे जातो.

पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे काही असेल, समजा मुक्कामाची तारीख, तर तेही नव्या पत्त्याला जोडा. वाचकानं डिसेंबरची तारीख निवडली, मग आईला दाखवायला मराठी केली, आणि तारीख पुसली गेली, तर तो पुन्हा निवडेलच असं नाही. फॉर्म अर्धा भरलेला असेल तर भाषा बदलण्याआधी तो जपून ठेवा, ते जमत नसेल तर त्या पानावर पट्टीच देऊ नका.

भाषांची नावं त्या त्या भाषेत आणि लिपीत लिहा. मराठी वाचकाला 'मराठी' शोधायचं असतं, रोमी अक्षरांत लिहिलेलं तेच नाव नाही. इंग्रजी हे नाव रोमीत, कोंकणी देवनागरीत एकदा आणि रोमीत एकदा. झेंडे अजिबात नकोत. मराठी, हिंदी, कोंकणी तिघींनाही तिरंगा लावणार का? आणि पोर्तुगीजला पोर्तुगालचा लावला तर ब्राझीलचा वाचक काय समजेल?

भाषांतर नसेल तेव्हा काय, हा खरा पेच. कुळागराच्या साइटवर मसाल्यांची माहिती मराठीत होती, कोंकणीत अजून लिहून झाली नव्हती. सॉफ्टवेअर आपणहून कोंकणी पत्त्यावर इंग्रजी मजकूर दाखवत होतं. हे बंद करा. केओके लिहिलेल्या पत्त्यावर इंग्रजी वाचायला मिळालं की वाचकाचा पुढच्या प्रत्येक पत्त्यावरचा विश्वास जातो. पट्टीत कोंकणी हे नाव ठेवा, पण फिकं, आणि खाली एक ओळ: 'हें पान कोंकणींत अजून ना'. लिंक कोंकणी मुखपृष्ठाची द्या, किंवा वाचकाला सांगून मराठी पानाची. तो पत्ता हातानं टाइप करणाऱ्याला खरा ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही' हा संकेत, मिळावा, आणि ४०४ चं पानही कोंकणीतच हवं.

पानावरच्या खुणा

पत्त्यात एमआर आहे म्हणून ब्राउझरला भाषा कळत नाही. पानाच्या सर्वांत वरच्या एचटीएमएल टॅगमध्ये लँग या गुणधर्मात एमआर लिहायलाच हवं. ती एक ओळ बरंच काही करते. दृष्टिहीन वाचकांसाठी पान वाचणारं सॉफ्टवेअर त्यावरून मराठी आवाज निवडतं, नाहीतर देवनागरी दिसली की हिंदी उच्चारात वाचू शकतं. काही फॉन्टांत तर अक्षरंही बदलतात: मराठी ल आणि श यांचं वळण हिंदीहून वेगळं आहे, आणि फॉन्टात दोन्ही असतील तर कुठलं दाखवायचं हे या खुणेवर ठरतं. मी प्रत्येक नवीन साइटवर आधी ल बघतो.

भाषांचं आपसातलं नातं सांगायला पानाच्या शिरोभागात एचरेफलँगच्या लिंका लिहायच्या. गूगलनं ही सोय २०११ मध्ये आणली. नियम तीन. पत्ता पूर्ण लिहायचा, एचटीटीपीएसपासून. प्रत्येक पानानं स्वतःचाही उल्लेख करायचा. आणि नातं दोन्ही बाजूंनी हवं: मराठी पान म्हणतं 'माझं इंग्रजी रूप ते', तर इंग्रजी पानानंही 'माझं मराठी रूप हे' म्हणायला हवं. एका बाजूनं सांगितलेलं धरलं जात नाही. मुळावरच्या भाषानिवडीच्या पानासाठी एक्स-डीफॉल्ट ही खूण आहे.

गूगलच्या सूचनेप्रमाणे इथे दोन अक्षरी संकेत लागतात, आणि कोंकणीला तो नाही हे वर आलंच. मी कोंकणीची ओळ तरीही लिहितो, कारण एचटीएमएलच्या नियमात ती बरोबर आहे. पण गूगल ती धरील या भरवशावर राहत नाही. कोंकणी पानं साइटमॅपमध्ये, म्हणजे शोधयंत्राला द्यायच्या पत्त्यांच्या यादीत, घालतो आणि पट्टीतल्या साध्या लिंका शाबूत ठेवतो. शिवाय गूगल पानाची भाषा ठरवतं ती दिसणाऱ्या मजकुरावरून, त्यामुळे मेनू आणि तळटीपसुद्धा कोंकणीत असावी.

कॅनॉनिकल ही खूण तपासा, ती शोधयंत्राला मूळ पान कुठलं ते सांगते. मराठी पानाची कॅनॉनिकल मराठी पानाकडेच हवी. एका साइटची मराठी पानं शोधात का येत नाहीत म्हणून मला बोलावलं होतं, तेव्हा सगळ्या मराठी पानांची कॅनॉनिकल इंग्रजीकडे बोट दाखवत होती. म्हणजे साइट स्वतःच सांगत होती की खरं पान ते, हे नव्हे.

कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये काय

वर्डप्रेसवर पॉलिलँग हे प्लगइन घ्या. सेटिंगमध्ये यूआरएलचा भाग आहे, तिथे भाषा फोल्डरमध्ये ठेवा, मूळ भाषेची खूण लपवायची चौकट रिकामी ठेवा आणि ब्राउझरची भाषा ओळखणं बंद करा. फुकटच्या आवृत्तीत दोन भाषांना एकच स्लग देता येत नाही, दुसऱ्याला पुढे आकडा चिकटतो. स्लग भाषेगणिक वेगळे ठेवले की हा प्रश्नच येत नाही. जँगोमध्ये आय१८एन पॅटर्न्समध्ये पत्ते गुंडाळा आणि लोकेल मिडलवेअर सेशनच्या नंतर व कॉमनच्या आधी लावा. कोंकणी भाषांच्या यादीत स्वतः जोडावी लागते. ह्यूगोमध्ये मूळ भाषेलाही फोल्डर द्यायची सेटिंग आहे, ती चालू करा.

जुने पत्ते

साइट आधीच चालू असेल तर जुना प्रत्येक पत्ता नव्याकडे वळवा, आणि इथे मात्र ३०१, कारण हा मुक्काम खरंच कायमचा हलला आहे. सगळे पत्ते उचलून मुखपृष्ठावर नेऊ नका, पानाला पान जुळवा. कुळागराच्या वाटेवर फ्लेक्सचा फलक होता, त्यावर क्यूआर कोड. आमचा जुना पत्ता तिथे छापलेला. तो फलक बदलेपर्यंत वळण जपावंच लागलं, आणि बदलल्यावरही मी ते काढलं नाही. लोकांनी फोटो काढून ठेवलेले असतात.

तपासणी

शेवटी स्वतःच्या फोनवर विश्वास ठेवू नका, त्यात तुमची कुकी बसलेली आहे. खाजगी खिडकी उघडा, ब्राउझरची भाषा इंग्रजी ठेवा आणि मराठी पत्ता टाका. मग पत्त्यातला एमआर हातानं बदलून एचआय करा. हिंदी नसेल तर ४०४ यावा, भलतं पान नव्हे. मोठ्या अक्षरांत टाकून बघा, शेवटची तिरकी रेघ काढून बघा. दोन्ही वेळा योग्य पत्त्याकडे वळायला हवं. व्हॉट्सॲपवर लिंक चिकटवून थांबा आणि खाली येणाऱ्या छोट्या चौकटीतलं शीर्षक मराठीत आहे का बघा. तिथला मजकूर ओपन ग्राफच्या खुणांतून येतो आणि त्यांचं भाषांतर हमखास राहून जातं.

मग ती लिंक अशा तिघांना पाठवा ज्यांचे फोन इंग्रजीत आहेत आणि वाचन मराठीत. मी पहिली पाठवली कोल्हापूरला. दुसऱ्या दिवशी माउलींचाच फोन आला, जेवणात सोलकढी असते का विचारायला. ते पानावर लिहिलेलं नव्हतं. त्याच संध्याकाळी मराठी पानात भर घातली, आणि तक्त्यात क्रमांक १४ पुढे कोंकणी आणि इंग्रजीच्या रकान्यांत खूण केली, तीही पानं सुधारायची आहेत म्हणून.